स्वस्त खाणं गेटजवळ हवं

पहाटे सहाचं विमान असलं की माणूस तीनलाच घर सोडतो. पोटात चहासुद्धा नसतो. बॅगा द्यायच्या, सुरक्षा तपासणीच्या रांगेत कमरेचा पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवायचा आणि आत पोचल्यावर आठवतं, उड्डाणाआधी २५ मिनिटं गेट बंद होणार. मग समोर दिसेल ते खायचं आणि सांगतील तो भाव द्यायचा. तपासणीच्या आत आलेल्याला बाहेरच्या टपरीची वाट बंद झालेली असते. माझा आक्षेप आहे तो या अडवणुकीला.

सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारता येत नाही. त्याला विमानतळाला विक्रीतला वाटा द्यावा लागतो, आणि धंदा बसला तरी बहुधा ठरलेली किमान रक्कम चुकत नाही. मुंबईत विमानतळ चालवणारी कंपनी आपल्या महसुलातले ३८.७ टक्के विमानतळ प्राधिकरणाला देते. सामोशाची किंमत अशी पायरीपायरीने चढते. बड्या विमानतळांवर दुकानांसारख्या उत्पन्नातला ३० टक्के भाग विमानसेवेची शुल्कं आटोक्यात ठेवण्यासाठी धरला जातो. हेतू चांगला आहे, पण त्याचा भार उपाशी माणसाच्या वडापाववर का?

डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला. चहा १० रुपये, सामोसा २० रुपये. पुढे चेन्नईतही तो आला. हे फार चांगलं पाऊल आहे. मात्र ते सरकारी उपक्रमापुरतं राहू नये, खासगी कंपन्यांच्या विमानतळांवरही ती ठेक्यातली अट असावी. आणि जागा? ती तपासणीच्या आत, गेटांजवळच हवी. रेल्वेने हे ओळखलं. २० रुपयांची पुरी-भाजी देणारे स्टॉल तिने फलाटावर जनरल डबे थांबतात त्या जागेसमोर लावले, कारण गरज तिथेच होती.

घरून दशम्या-धपाटे न्यावेत, असं कोणी म्हणेल. जरूर न्यावेत, कोरडं खाणं तपासणीत अडत नाही. पण परगावाहून परतणाऱ्याने, मधल्या विमानतळावर विमान बदलणाऱ्याने डबा आणायचा कुठून? एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतलं नांदेड-हैदराबाद विमान सुटलं, तेव्हा हवाई प्रवास सामान्य माणसाचा होईल असं सांगितलं गेलं. तिकिटाचा विचार झाला, खाण्याचा राहिला. पहिल्यांदाच विमानाने निघालेलं कुटुंब मुलांसाठी काही घ्यायला जातं आणि दरफलक वाचून मागे फिरतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

यापुढे विमानतळावरच्या खाद्यगृहांची जी निविदा निघेल तिच्यात चहा, पाणी, एक पोटभरीचा स्थानिक पदार्थ आणि त्यांचे कमाल दर लिहिलेले असावेत. त्या एका स्टॉलकडून विमानतळाने विक्रीतला वाटा घेऊ नये. पहिलं विमान सुटायच्या दोन तास आधी तो उघडलेला असावा.