निकालानंतरचे पंधरा दिवस

दहावीचा निकाल लागतो तेव्हा कुरखेड्याच्या परिसरात तेंदूपानांचा हंगाम ऐन भरात असतो. पहाटे जंगलात गेलेली घरची माणसे उन्हे चढल्यावर परततात आणि सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधण्यात सारे घर गुंतते. अशाच एखाद्या दुपारी कोणाच्या तरी मोबाइलवर निकाल दिसतो, टक्केवारी ओसरीवरून ओसरीवर पोहोचते, साखर वाटली जाते आणि मग तो प्रश्न येतो, 'आता काय घेणार?' या प्रश्नाचे उत्तर किती घरांत विचारपूर्वक दिले जाते? जिवलग मित्र जिकडे गेला तिकडे, एसटीची वेळ ज्या गावाला जमते तिकडे, पटसंख्या टिकविण्यासाठी दारोदार फिरणारे शिक्षक ज्या महाविद्यालयाचे असतील तिकडे मुलाचे नाव नोंदविले जाते. पंधरा दिवसांत घाईघाईने घेतलेला हा निर्णय पुढील चाळीस वर्षांवर सावली धरून राहतो, याची जाणीव कोणाला नसते. ती करून देणाराही भेटत नाही.

आपल्याकडे नापासांची चर्चा पुष्कळ होते. पण उत्तीर्ण होऊनही वाट चुकलेल्यांची गणती कोणीच ठेवत नाही. नापास झालेल्या मुलाला आपले काय चुकले हे निदान कळते. चुकीचा विषय घेतलेल्या वा आवश्यक विषय सोडलेल्या मुलाला ते तीन-चार वर्षांनी, एखाद्या भरतीची जाहिरात वाचताना कळते. तोवर ते दार बंद झालेले असते.

म्हणून आधी नियम नीट समजून घेऊ. कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार महाराष्ट्राने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारला आणि १९७५ साली जुन्या अकरावी मॅट्रिकच्या जागी दहावीची पहिली परीक्षा झाली. आज दहावीला तीन भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे असे सहा विषय असतात. प्रत्येकाचे शंभर गुण, त्यांत ८० लेखी आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक वा अंतर्गत मूल्यमापनाचे. उत्तीर्णतेसाठी ३५ टक्के हा मापदंड पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. २०१० पासून मात्र एक बदल झाला, तो पालकांच्या पुरता ध्यानात आलेला नाही. टक्केवारी काढताना सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषयच धरले जातात. त्यामुळे ज्या विषयात मूल सर्वांत कच्चे आहे तो विषय टक्केवारीत दिसतच नाही. गणितात जेमतेम चाळीस गुण असलेला मुलगा एकूण पंच्याऐंशी टक्के मिरवतो, सारे गाव त्याला विज्ञान शाखेकडे ढकलते आणि अकरावीच्या पहिल्या सहामाहीत तो कोलमडतो. पालकांनी गुणपत्रकातील शेवटचा आकडा वाचण्याआधी गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तीन ओळी वाचाव्यात. मुलाचा खरा कल आणि खरे बळ तेथे लिहिलेले असते.

२०१९ साली भाषा व सामाजिक शास्त्रांचे तोंडी-अंतर्गत गुण रद्द झाले आणि राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आरडाओरड झाली आणि पुढील वर्षी ते गुण परत आले. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. या दोन आकड्यांच्या दरम्यान मुलांची बुद्धी एवढी वाढली असे कोणी म्हणणार नाही. मापपट्टी बदलली की उंची बदललेली दिसते, एवढेच त्यातून सिद्ध होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात तर त्याही पुढचे पाऊल सुचविले गेले. गणित वा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला अकरावीत जाऊ द्यावे, मात्र त्या विषयांवर आधारलेले शिक्षण पुढे घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रकावर असावा, अशी ही कल्पना. नवा अभ्यासक्रम लागू होईपर्यंत जुनाच नियम चालेल, असे मंडळाने तेव्हा स्पष्ट केले होते. गणिताच्या भीतीने शिक्षणच सोडणाऱ्या मुलांसाठी ही सवलत उपकारक ठरेल, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ज्या शाळेत गणिताचा शिक्षक वर्षातील सहा महिने नसतो, तेथील मुलाच्या कपाळी हा शेरा मारला गेला तर तो दोष मुलाचा की व्यवस्थेचा? शहरातील मुलाला ती सवलत असेल, दुर्गम वस्तीतील मुलाला मात्र ती कायमची बंदी ठरू शकते. या भेदाचा विचार धोरणकर्त्यांनी केला पाहिजे.

आता विज्ञान शाखेचे पाहू. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित घ्यायचे की जीवशास्त्र, हा अकरावीच्या प्रवेशअर्जातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. गणित सोडले तर अभियांत्रिकीचा नेहमीचा मार्ग बंद होतो. जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीय शाखेचा. ज्याला झेपते त्याने चारही विषय ठेवावेत आणि सोडायचे ते विचारपूर्वक सोडावे. केवळ बारावी उत्तीर्ण असून भागत नाही, हेही ध्यानात असावे. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. वैद्यकीय प्रवेशासाठी हेच प्रमाण ५० आणि ४० आहे. आयआयटी वा एनआयटीचे स्वप्न असेल, तर प्रवेशपरीक्षेतील यशाबरोबरच बारावीत ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के, किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या वीस शतमकांत स्थान असावे लागते. राज्याच्या सीईटीत वीस टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, म्हणून अकरावी ही विश्रांतीची इयत्ता नव्हे. आणखी एक गोष्ट, जी मराठी माध्यमातील मुलांना कोणी सांगत नाही. या परीक्षेत पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात, गणिताचे मात्र केवळ इंग्रजीत. नीटही मराठीतून देता येते. आश्रमशाळेत मराठीतून दहावी झालेल्या, घरी गोंडी वा छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला अकरावीत एकाएकी इंग्रजी पारिभाषिक शब्दांच्या अरण्यात सोडले जाते. त्याची बुद्धी कमी पडत नाही, शब्द कमी पडतात. दहावीनंतरच्या दोन महिन्यांत त्याला पाचशे शब्द कोणी शिकविले, तर त्याचे पुढचे वर्ष वाचेल.

कला शाखा म्हणजे ज्यांना काही जमत नाही त्यांचा गोठा, हा समज सर्वांत घातक आहे. ती 'सोपी' असल्याचा दावा तर निकालानेच खोटा ठरविला आहे. २०२५ च्या बारावीत राज्यात विज्ञान शाखेचे ९७.३५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले, तर कला शाखेचे ८०.५२ टक्के. जी शाखा विनाप्रयत्न निवडली जाते, तिच्यात प्रयत्नही होत नाहीत, हाच याचा अर्थ. वास्तविक कला शाखेतून पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला जाता येते, स्पर्धा परीक्षांचा इतिहास-भूगोल येथेच पक्का होतो. पण येथेही विषयनिवड डोळसपणे व्हावी लागते. या अरण्यप्रदेशातील तरुणाला स्वाभाविकपणे हवीशी वाटणारी नोकरी वनरक्षकाची. अलीकडच्या भरतींच्या जाहिरातींत त्यासाठी बारावीत विज्ञान, गणित, भूगोल वा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय असण्याची अट होती. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावीची मुभा होती, इतर बहुतेकांना नव्हती. म्हणजे जंगलाच्या कुशीत वाढलेला, प्रत्येक झाड नावानिशी ओळखणारा इतर समाजातील मुलगा केवळ भूगोल वा अर्थशास्त्र न घेतल्यामुळे अर्जालाही अपात्र ठरतो. एका रकान्याची ही किंमत आहे.

तिसरी वाट तंत्रशिक्षणाची. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका आणि तेथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, हा मार्ग सामान्य घरातील मुलासाठी आजही सर्वांत भरवशाचा आहे. गडचिरोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे. आयटीआय आहेत. बारावी विज्ञानात जेथे द्विलक्षी अभ्यासक्रम उपलब्ध आहेत, तेथे दुसरी भाषा व एक विषय यांऐवजी दोनशे गुणांचा व्यावसायिक विषय घेता येतो. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज निघू लागले, कोनसरीला पोलादाचा उद्योग उभा राहिला. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झाले, २०२४ साली गडचिरोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उद्याच्या या जिल्ह्याला वेल्डर लागतील, विद्युत तंत्रज्ञ लागतील, परिचारिका, भूवैज्ञानिक आणि डॉक्टर लागतील. ते येथल्या घरांतून निर्माण होणार, की बाहेरून येणार आणि येथल्या मुलांच्या वाट्याला पहारेकऱ्याचे काम येणार, याचा निर्णय अकरावीच्या प्रवेशअर्जात होतो आहे.

लाटेबरोबर वाहून जाण्याचा अनुभव आपण एकदा घेतला आहे. २००० नंतरच्या दशकात डी.एड.ची लाट आली. गावोगावी विद्यालये निघाली, शेत गहाण टाकून प्रवेश घेतले गेले. पुढे शिक्षकभरती थांबली, २०१३ पासून पात्रता परीक्षा आली आणि हाती पदविका घेतलेली एक सबंध पिढी रोजंदारीवर गेली. आज तीच गर्दी शहरातील शिकवणी वर्गांकडे वळली आहे. नाव गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि मूल नागपूर वा लातूरच्या वर्गात, अशा 'टाय-अप'च्या व्यवहाराने ग्रामीण विज्ञानवर्ग ओस पडतात. पट कागदावर भरलेला, प्रयोगशाळेवर धूळ, आणि तीस गुणांचे प्रात्यक्षिक मात्र सर्वांना यथास्थित बहाल! ज्याच्याकडे शहरात जाण्याचे पैसे नाहीत, तो मुलगा त्या रिकाम्या वर्गात एकटा बसतो. त्याचा अपराध एवढाच, की तो गरीब आहे आणि रोज हजर राहतो.

न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांच्या मुलांना माध्यमिक शाळा पूर्ण करण्यासाठी किमान १२० श्रेयांक लागतात. त्यांत इंग्रजीचे २०, गणिताचे १५, विज्ञानाचे १५ असा हिशेब असतो. ज्यांची तयारी आहे ते त्याच वर्षांत महाविद्यालयीन तोडीचे प्रगत विषय घेतात. हे गणित पालकांना समजावून सांगण्यासाठी शाळेत समुपदेशक असतो. तेथील सारेच अनुकरणीय नाही, पण नियम जेवढे गुंतागुंतीचे तेवढा मार्गदर्शक जवळ हवा, हे तत्त्व आपल्याही उपयोगाचे आहे. आपल्याकडे २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली गेली. अहवाल हाती पडत, पण त्याचा अर्थ सांगणारा माणूस मात्र गावात नसे. २०२५ साली अकरावीचा प्रवेश प्रथमच संपूर्ण राज्यात ऑनलाइन पद्धतीने झाला. दहा पसंतिक्रम भरायचे आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढील नियमित फेऱ्यांतून बाद व्हायचे, हा नियम पुराड्याच्या वा कोरचीच्या पलीकडील पालकाला कोणी सांगितला होता? टॉवर नसलेल्या गावात तो अर्ज कोणी भरला? बहुधा सायबर कॅफेवाल्याने, स्वतःच्या समजुतीप्रमाणे.

शासनाने करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत. तालुक्यातील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात गणित व विज्ञानाचे पूर्णवेळ शिक्षक, वापरात असलेली प्रयोगशाळा आणि निकालाआधीच प्रत्येक आश्रमशाळेत विषयनिवडीचे मार्गदर्शन. यासाठी नव्या योजनेची नव्हे, असलेल्या जागा भरण्याची आवश्यकता आहे. परंतु सारे शासनाने करावे आणि समाजाने केवळ टीका करावी, हा आपला मार्ग नाही. कुरखेडा तालुक्यात शिक्षक, वनकर्मचारी, परिचारिका, वकील, सेवानिवृत्त अधिकारी आहेत. प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने दहावी उत्तीर्ण झालेली केवळ दोन मुले आपली मानली, त्यांचे गुणपत्रक समोर ठेवून तासभर बोलले, अर्ज भरताना शेजारी बसले, तरी चित्र पालटेल. कार्यकर्त्यांनी मे महिन्यातील संपर्कात हा विषय घ्यावा. निकालानंतर सत्काराचे कार्यक्रम उत्साहाने होतात. हारतुऱ्यांना फाटा देऊन त्याच मंडपात अर्ज भरून द्यावेत.

सांगण्यासारख्या साध्या गोष्टी पुष्कळ आहेत. जमात वैधता प्रमाणपत्रासाठी अकरावीतच अर्ज करा, बारावीच्या निकालानंतर धावाधाव करून ते वेळेवर हाती पडत नाही आणि हातची जागा जाते. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी वर्ष वाया जात नाही. एटीकेटीने अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा असते, मात्र ते विषय सुटल्याशिवाय प्रवेश कायम होत नाही. शाळा सुटलेल्या मुलीला सतरा क्रमांकाचा अर्ज भरून खासगीरीत्या परीक्षेला बसता येते, लग्न झाले म्हणून शिक्षण संपत नाही. या गोष्टी शासकीय परिपत्रकांत आहेत. वस्तीवर त्या पोहोचवायला पायी चालणारा माणूस लागतो.

१ मे २०१९ रोजी याच तालुक्यातील जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक यांचे प्राण गेले. ज्या हिंसेने ही भूमी अनेक दशके रक्ताळली, तिचे पाठीराखे शाळा अर्धवट सुटलेल्या, पुढे काही दिसत नसलेल्या तरुणांतच शोधले गेले. बंदुकीला उत्तर शस्त्राने देण्याचे काम जवानांनी केले, आजही करीत आहेत. त्या तरुणासमोर दुसरी वाट दिसू देणे, हे काम आपले. ती वाट अकरावीच्या प्रवेशअर्जातील चार रकान्यांतून जाते. निकालानंतरच्या त्या पंधरा दिवसांत एखाद्या वस्तीवरचा मुलगा तो अर्ज हातात धरून बसला असेल, तेव्हा त्याच्या शेजारी आपल्यापैकी कोणीतरी बसलेले असावे.