नूतनीकृत लॅपटॉप आणि लिनक्स : आक्षेपांचा परामर्श

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या संगणकप्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि त्यानंतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानापासून तालुक्याच्या गावातील दुरुस्तीवाल्यापर्यंत एकच मत ऐकू येऊ लागले. ते मत असे की, जो लॅपटॉप विंडोज ११ स्वीकारत नाही तो कालबाह्य झाला, तो विकत घेऊ नये, घरात असेल तर मिळेल त्या भावाने काढून टाकावा, आणि लिनक्स हा ज्यांना दुसरा उद्योग नाही अशांचा छंद समजून सोडून द्यावा. या मताचे खंडन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मात्र लिनक्सचा कैवार घेणारे जी उत्तरे देतात त्यांतील बरीचशी तपासणीत टिकत नाहीत हेही येथे दाखवावे लागेल, कारण पोकळ समर्थनाने खऱ्या बाजूचे जेवढे नुकसान होते तेवढे उघड विरोधानेही होत नाही.

रिफर्बिश्ड म्हणजे नूतनीकृत लॅपटॉप आणि सेकंडहँड लॅपटॉप यांत फरक आहे. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी लॅपटॉप घाऊक घेतात किंवा भाडेपट्ट्याने आणतात, आणि काही वर्षांची मुदत संपली की ते एकगठ्ठा बाहेर पडतात. व्यापारी ते साफ करतो, डिस्क पुसतो, गरज पडल्यास बॅटरी, मेमरी किंवा कळफलक बदलतो आणि थोड्याफार हमीसह पुन्हा विकतो. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही या बाजारातील नेहमीची नावे. ही यंत्रे मुळात कार्यालयीन वापरासाठी घडवलेली असल्याने त्यांची बांधणी त्याच किमतीच्या नव्या घरगुती लॅपटॉपपेक्षा पुष्कळदा मजबूत असते. उदाहरणार्थ, २०१७ साली आलेल्या थिंकपॅड टी४७० मध्ये मेमरीसाठी दोन खाचा आहेत, बॅटऱ्याही दोन आहेत, आणि त्यांतील एक बाहेरून काढता-घालता येते. इंटेलच्या सहाव्या किंवा सातव्या पिढीचा प्रक्रियक असलेले हे यंत्र लेखन, हिशेब, व्हिडिओ पाहणे आणि इंटरनेट यांसाठी आजही पुरते.

मग ते कालबाह्य कसे ठरले? विंडोज ११ ची किमान अपेक्षा ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण एवढीच आहे, आणि टी४७० ती सहज ओलांडतो. अडचण आहे ती प्रक्रियकांच्या यादीची. मोजके अपवाद वगळता इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रक्रियकच त्या यादीत आहेत. त्याखेरीज टीपीएम २.० ही गुप्त किल्ल्या जपणारी चिपही लागते. मायक्रोसॉफ्ट यासाठी सुरक्षिततेचे कारण देते, आणि ते निराधार नाही, कारण सुरक्षेच्या काही नव्या सोयींमुळे जुन्या प्रक्रियकांची यंत्रे मंदावतात. परंतु एखाद्या प्रणालीच्या सुरक्षेची व्यवस्था विशिष्ट प्रक्रियकावर बेतलेली असणे आणि तो प्रक्रियक नसलेले यंत्र निकामी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी सिद्ध झाली असे मानणे हाच पूर्वपक्षाचा मूळ दोष होय. येथे संपले आहे ते एका कंपनीचे वेळापत्रक. यंत्राचे आयुष्य नव्हे.

हे खंडन मान्य करणारेही दोन पळवाटा सुचवतात. एक म्हणजे वैयक्तिक ग्राहकांसाठी जाहीर झालेली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा-अद्यतने घेणे. ही वाट रास्त आहे, पण ती प्रश्न सोडवत नाही, पुढे ढकलते. दुसरी वाट म्हणजे तपासणी चुकवून विंडोज ११ बसवणे. दुकानदार हे काम हसतखेळत करून देतात. मात्र अशा यंत्राला पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, आणि दुकानात ‘ॲक्टिव्हेट’ करून दिलेल्या प्रतीचा परवाना खरा आहे की नाही हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो. सुरक्षेच्या नावाने सुरू झालेला युक्तिवाद कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरील अनोळखी आज्ञावलीवर येऊन संपावा, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की लिनक्स ही आज्ञावलीकारांची प्रणाली आहे. काटेकोरपणे बोलायचे तर लिनक्स हे प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे नाव आहे. लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली. या गाभ्याभोवती पडदा, खिडक्या, फाइली आणि उपयुक्त प्रोग्रॅम रचून जी वापरण्याजोगी प्रणाली तयार होते तिला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, आणि डेबियन, उबुंटू, मिंट ही त्यांपैकी काही. २००६ पासून चालत आलेल्या मिंटचा खालचा पट्टा, डावीकडची सुरुवातीची यादी आणि खिडकीच्या कोपऱ्यातील फुली ही रचना विंडोज ७ वापरलेल्या माणसाला विंडोज ११ पेक्षा अधिक ओळखीची वाटते. केरळमध्ये सरकारी आणि अनुदानित शाळांतील मुले वर्षानुवर्षे लिनक्सवर संगणक शिकत आली आहेत. त्या मुलांना जमते ते पुण्यातील वकिलाला किंवा साताऱ्यातील शिक्षिकेला जमणार नाही, असे गृहीत धरण्यास काही आधार दिसत नाही.

जाणकार विरोधक येथे म्युनिकचा दाखला देतात. त्या जर्मन शहराने २००३ मध्ये आपले संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरवले, हजारो यंत्रे बदलली आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. हा दाखला खरा असला तरी तो अर्धा आहे. शहराच्या माहिती-तंत्र व्यवस्थेची पाहणी झाली तेव्हा विभागाविभागांतील विस्कळीत कारभार हा मोठा दोष म्हणून पुढे आला होता. दुसरीकडे फ्रान्सच्या जांदार्मेरी या पोलीस दलाने आधी २००५ मध्ये विंडोजवरच ओपनऑफिस आणले, मग फायरफॉक्स, आणि लोकांचा हात बसल्यावर २००८ पासून उबुंटू. तो बदल टिकला. जर्मनीतीलच श्लेस्विग-होलश्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणक मुक्त प्रणालींकडे नेण्याचे जाहीर केले. या उदाहरणांतून लिनक्सची योग्यता किंवा अयोग्यता सिद्ध होत नाही. सिद्ध होतो तो क्रम. आधी प्रोग्रॅम बदलावेत आणि प्रणाली शेवटी बदलावी. घरच्या एका लॅपटॉपलाही हाच क्रम मानवतो : लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी हे सारे विंडोजवर चालते, आणि महिनाभर त्यांवर काम निभले तर प्रणाली बदलताना सवयीचा धक्का फारसा उरत नाही.

मराठी वाचकाचा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि लिनक्सवर लिहिणारे बहुतेक लेखक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मराठी टायपिंगचे काय? येथे दोन प्रकारचे मराठी मजकूर वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला युनिकोडमधला, ज्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरावीक क्रमांक असतो. यासाठी लिनक्सवर काहीही विकत घ्यावे लागत नाही. कळफलकाच्या मांडणीत मराठी निवडली की इनस्क्रिप्ट ही भारतीय प्रमाण मांडणी मिळते. विंडोजवर इनस्क्रिप्ट येत असेल तर बोटांना नवे काहीच शिकायचे नसते. ‘दऱ्या’ लिहिताना ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ आणि ई याच कळा याच क्रमाने दाबायच्या, आणि शिफ्ट-जेवरचा ‘ऱ’ येथेही आपल्या जागीच असतो. उच्चारानुसार टंकन करणाऱ्यांसाठी वेगळ्या मांडण्या आहेत. लोहित आणि नोटो हे देवनागरी टंक मोफत मिळतात. एक अडचण तेवढी प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे : विंडोजवर मंगल किंवा निर्मला टंकात केलेला अर्ज लिनक्सवर उघडला की ते टंक तेथे नसल्याने दुसरा टंक येतो, ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दीड पानाचा होतो. त्यावर उपाय आहे. दोन्हीकडे नोटोसारखा एकच टंक वापरावा, आणि अंतिम प्रत पीडीएफ करून पाठवावी.

दुसरा प्रकार जुन्या टंकांतील मजकुराचा. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या साधनांनी टंकित केलेल्या युनिकोडपूर्व मजकुरात देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत, म्हणून टंक नसला की ‘मराठी’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. महाराष्ट्रातील छपाईचा मोठा व्यवहार वर्षानुवर्षे यावर चालला. त्या टंकांची फाइल लिनक्सवर ठेवली तर जुना मजकूर वाचता येतो, पण तो टंकित करणारी आज्ञावली विंडोजसाठीच बनलेली आहे, तसेच कोरलड्रॉ आणि इनडिझाइनही लिनक्सवर येत नाहीत. स्क्रायबस या मुक्त पानरचना-साधनात आता देवनागरी जोडाक्षरे नीट उमटतात. तरीही ज्या डीटीपी केंद्राचा रोजचा ग्राहक श्रीलिपीतील फाइल घेऊन येतो त्याला प्रणाली बदलण्याचा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे. हेच टॅलीवर रोजची खतावणी ठेवणाऱ्यालाही लागू पडते. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन लावून विवरणपत्रे भरणाऱ्याने आपल्या टोकनाचा आणि त्या संकेतस्थळाच्या स्वाक्षरी-साधनाचा लिनक्सशी मेळ बसतो का, हे आधी पाहावे. ‘वाइनवर सगळे चालते’ असे सांगणाऱ्यांवर, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्याच्या साधनाची भलामण करणाऱ्यांवर, हिशेबाच्या किंवा छपाईच्या धंद्यात विसंबू नये. मार्चअखेरीस बंद पडलेला प्रोग्रॅम तत्त्वज्ञानाने सुरू होत नाही.

समर्थकांचा दुसरा आवडता दावा म्हणजे लिनक्सला व्हायरस लागत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसून हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवा बदलला आणि छुपा दरवाजा असलेली प्रत लोकांपुढे ठेवली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल-संक्षेपाच्या साधनात तसाच दरवाजा घुसवल्याचे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, तेही लॉगिनला जरासा जास्त वेळ लागतो म्हणून शोध घेताना. दुसरी घटना उघड्या आज्ञावलीच्या बाजूनेही बोलते, कारण आज्ञावली उघडी होती म्हणूनच बाहेरच्या माणसाला ती उकलता आली; परंतु अभेद्यतेचा दावा दोन्ही घटनांनी निकालात काढला आहे. लिनक्सवरील सुरक्षा ही उतरवलेल्या फाइलची पडताळणी-बेरीज (चेकसम) जुळते का ते पाहणे, प्रोग्रॅम डिस्ट्रिब्युशनच्या स्वतःच्या भांडारातूनच घेणे आणि अद्यतने वेळेवर बसवणे या सवयींतून येते.

जुने यंत्र लिनक्सने नवे होते, हाही असाच अतिरेक. प्रणाली स्वतः कमी मेमरी घेते हे खरे. मिंट २ जीबीवर उभी राहते आणि ४ जीबीची शिफारस करते. पण ब्राउझरमध्ये पंधरा पाने उघडी ठेवली तर जी मेमरी लागते ती कोणतीही प्रणाली वाचवू शकत नाही. ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये प्रणाली बदलण्याआधी मेमरी ८ जीबी करणे आणि फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवणे यांनी जो फरक पडतो तो प्रणालीच्या बदलाने पडत नाही. झिजलेली बॅटरी झिजलेलीच राहते. टी४७० सारख्या यंत्रांतील बोटाचा ठसा वाचणारे साधन लिनक्सवर सहसा आपोआप चालत नाही. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर तिचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. इंटेलची असेल तर अशी वेळ क्वचितच येते, आणि कार्यालयीन यंत्रांत ती बहुधा इंटेलचीच असते.

एवढी वजाबाकी केल्यावर जे उरते ते कमी नाही. ज्याचे काम ब्राउझर, युनिकोड मराठी, पत्रव्यवहार, साधे तक्ते, चित्रपट आणि अभ्यास यांत सामावते, असा विद्यार्थी, शिक्षक, लेखक, निवृत्त गृहस्थ किंवा छोटे ग्रंथालय यांच्यासाठी विंडोज ११ न स्वीकारणारा नूतनीकृत लॅपटॉप हीच आज सर्वांत शहाणी खरेदी आहे, कारण ज्या उणिवेमुळे त्याचा भाव उतरला ती उणीव लिनक्सवर अस्तित्वातच नाही. मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत, आणि त्यानंतरची आवृत्ती घेताना प्रक्रियकाची पिढी कोणी विचारणार नाही. शिवाय लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन-उत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरण्यात नसून घडवण्यात असतो, त्यामुळे चालते यंत्र आणखी चार वर्षे चालवणे हे नवे ‘हरित’ यंत्र घेण्यापेक्षा पर्यावरणाला अधिक उपकारक ठरते. भारताच्या ई-कचरा नियमांतही नूतनीकरण करणाऱ्याला वेगळे स्थान दिलेले आहे.

दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर ठेवण्याचा मध्यममार्ग पुष्कळ जण सुचवतात. २५६ जीबीच्या डिस्कवर तो दोहोंची कोंडी करतो, आणि अडले की माणूस जुन्या प्रणालीत परततो, त्यामुळे नवी कधी अंगवळणी पडत नाही. त्यापेक्षा जुनी डिस्क काढून जपून ठेवावी आणि नव्या एसएसडीवर लिनक्स बसवावे. परतीची वाट तशीही खुली राहते.

खरेदीला जाताना मिंटची पेनड्राइव्ह सोबत न्यावी. पेनड्राइव्हवरून प्रणाली तात्पुरती सुरू होते आणि डिस्कला हात लागत नाही, म्हणून दुकानातच दहा मिनिटांत वायफाय जोडून पाहावे, आवाज, कॅमेरा आणि टचपॅड तपासावेत, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का ते पाहावे, बॅटरीची मूळ क्षमता आणि उरलेली क्षमता यांचे आकडे वाचावेत, आणि बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही याची खात्री करून घ्यावी. जो विक्रेता एवढी तपासणी करू देत नाही त्याच्याकडून लॅपटॉप घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो.