पस्तीसपैकी किती, बाबा?

बालगंधर्वला नाटक असलं की आमच्या बाबांना कडेचीच सीट लागते. शिवनेरीनं मुंबईला जायचं तर सकाळचा चहा बंद. आम्ही म्हणायचो, स्वभाव! मग कळलं, रात्री चार-चार वेळा उठतात.

डॉक्टरांचं नाव काढलं की ‘वय झालं’ एवढंच उत्तर. शेवटी मी आयपीएसएसचा फॉर्मच प्रिंट करून आणला. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या १९९२च्या सात प्रश्नांवर बेतलेला. गेल्या महिन्यात लघवीची धार थांबून थांबून आली? जोर करावा लागला? प्रत्येकी ० ते ५ गुण. ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, पुढे तीव्र. (कमी मार्कांत खूश व्हायची ही एकमेव परीक्षा!)

बाबांनी स्वतःला ६ दिले. आई आतून म्हणाली, ‘‘अहो, रात्रीचं मी मोजते. खोडा ते.’’ मग बाकीचंही खरं लिहिलं गेलं. बेरीज १७.

शेवटचा प्रश्न बेरजेबाहेरचा : उरलेलं आयुष्य असंच गेलं तर कसं वाटेल? तिथे बाबांचं पेन बराच वेळ थांबलं.

फॉर्म निदान करत नाही, हे आधीच सांगते. कारण प्रोस्टेट असेल, इन्फेक्शन असेल, डायबेटिससुद्धा. आणि कपड्यांत थेंब गळतात का, हे तर त्यात विचारलेलंच नाही. ते बाबांनी कागदाच्या मागे, बारीक अक्षरात लिहिलं होतं.

शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. चहा पिऊन निघणार आहोत.