वाघ दिसला का, एवढंच?

मे महिन्याच्या सुट्टीचं बोलणं निघालं की हल्ली महाबळेश्वर आणि शिर्डीच्या जोडीला एक नाव हमखास येतं, ते म्हणजे ताडोबा. पूर्वी जंगल बघायला जाणं म्हणजे पक्षीनिरीक्षकांचं, नाहीतर फॉरेस्टात ओळख असलेल्यांचं काम. आता आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातली कुटुंबंही जातात. चांगलंच आहे. पण बेत ठरतो कसा, हे एकदा नीट बघा. तारीख नवऱ्याच्या रजेवर, गेट एजंटच्या मर्जीवर आणि आपल्याकडे काय, तर दशम्या, चटण्या, औषधांची पिशवी आणि सगळ्यांचे स्वेटर. मैत्रिणींनो, माझं म्हणणं असं की जंगलाचा बेत बाईने आखावा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याने फक्त आपली सोय होते असं नाही, जंगलाचंही भलं होतं.

सोयीचंच आधी बोलते, कारण ते कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. एक सफारी साधारण चार तासांची. आत ठरलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून पाय खाली टाकता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मग आपण बायका काय करतो? आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही! मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात उघड्या जिप्सीत चार तास पाण्यावाचून बसायचं, आणि परत आल्यावर डोकं धरून पडायचं. आमच्या मंडळातल्या दोघी लघवीच्या जळजळीने आठवडाभर हैराण होत्या, आणि घरी सांगायलाही लाजत होत्या. म्हणून बुकिंग करतानाच विचारा, गेटवर स्वच्छतागृह आहे का, आत मधल्या थांब्यावर आहे का, तिथे पाणी असतं का. विचारायला लाज कसली? दहा बायकांनी विचारलं तर अकरावीसाठी तिथे कुलूप नसेल.

उन्हाळाच हवा, हा हट्ट का, तर पाणी आटतं आणि वाघ पाणवठ्यावर येतो म्हणून. खरं आहे ते. पण सासूबाई बरोबर असतील, लहान मूल असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बघा. सकाळी थंडी मी म्हणते, शाल-कानटोपी लागते, पण जंगल हिरवं असतं आणि माणूस माणसात असतो. कंबर दुखणाऱ्या बाईला मागच्या बाकावर बसवू नका, सगळे धक्के तिथेच लागतात. ताडोबा मंगळवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. जुलै ते सप्टेंबर गाभ्याचं जंगल, ज्याला सगळे कोअर म्हणतात, ते बंद असतं. बुकिंग ऑनलाइन करावं लागतं, आणि ज्या ओळखपत्राचा नंबर दिला तेच गेटवर दाखवावं लागतं. एका जिप्सीत सहाजणी. म्हणजे भिशीतल्या बाराजणी निघाल्या तर दोन गाड्या, आणि खर्च सरळ वाटून. शनिवार-रविवार टाळला तर पैसेही वाचतात आणि धूळही कमी खावी लागते. एजंटकडून पॅकेज घ्यायचंच असेल तर प्रवेश किती, जिप्सी किती, गाईड किती असा वेगवेगळा हिशोब मागा. आम्हाला एकाने सगळं मिळून एक गोल आकडा सांगितला होता. फोड करून मागितल्यावर तो बराच बारीक झाला!

आता मुद्द्याचं. परत आल्यावर प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, “वाघ दिसला का?” नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो जणू मुलगा नापास झाला. या एका प्रश्नाने जंगलाची किती नासाडी केली आहे! वाघ दिसलाच पाहिजे म्हणून आपण ड्रायव्हरला जास्त पैशांचं आमिष दाखवतो, मग तो गाडी पळवतो, बाकीच्यांना कळवतो, आणि एका जनावराभोवती पंधरा गाड्या उभ्या राहतात. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते वाचलं असेलच. एक वाघीण तिच्या पाच बछड्यांना घेऊन रस्ता ओलांडत होती, आणि पर्यटकांच्या गाड्यांनी तिला दोन्ही बाजूंनी अडवून धरलं. फोटोसाठी! उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. ड्रायव्हर-गाईडवर कारवाई झाली. पण गाडीत बसून “अजून थोडं पुढे घ्या ना” म्हणणारे कोण होते? पाच लेकरं घेऊन रस्ता ओलांडणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कोणाला कळणार?

म्हणून निघण्याआधी घरातल्यांना, विशेषतः मुलांना, सांगून ठेवावं की आपण जंगल बघायला चाललो आहोत. ताडोब्याचं नावच वाघावरून नाही, तारू या गोंडांच्या देवावरून पडलं आहे. वाघाशी झुंजताना तारू मारला गेला, अशी कथा आहे, आणि तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. १९५५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, आपल्या राज्यातलं पहिलं. तळ्यात मगरी आहेत. गवे, अस्वलं, रानकुत्री आहेत. ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, ती एकदा मुलांना दाखवा, जन्मभर ते झाड ओळखतील. सांबर ओरडलं, वानर खाकरलं की गाईड गाडी थांबवून कान देतो, आणि सगळी गाडी श्वास रोखून बसते. वाघ येवो न येवो, त्या दोन मिनिटांत आपण घर, गॅस, दूधवाला, सगळं विसरलेलो असतो. मला तरी त्याचेच पैसे वसूल वाटले.

आणखी एक, जे मला फार बोचतं. कोअरमध्ये जामणीचं, नवेगावचं माळरान आहे. तिथे चितळांचे कळप बघायला गाड्या थांबतात. ही मुळात गावं होती. वाघासाठी तिथल्या लोकांना उठवून दुसरीकडे वसवलं. ज्या गवतावर आपण हरणं बघतो, तिथे कोणाची तरी चूल होती, अंगणात तुळस होती. आणि बफरमध्ये, म्हणजे कोअरच्या भोवतीच्या जंगलात, आजही कित्येक गावं आहेत. जो महिना आपण वाघ बघायला पकडतो, तोच तिथल्या बायकांचा तेंदूपत्त्याचा महिना. त्याआधी मोहफुलं. पहाटे अंधारात निघायचं, वाकून पानं तोडायची, दुपारपर्यंत पुडे बांधून फडावर न्यायचे. त्या मजुरीवर घराचं पावसाळ्याचं बियाणं असतं, मुलीची फी असते. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एका दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द ताडोब्यात, व्याघ्रगणनेचं काम करणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने बळी घेतला. वाकलेली बाई वाघाला चार पायांचं जनावर वाटते, असं तिथले लोक सांगतात.

याचा आपल्या सहलीशी काय संबंध, असं विचाराल. संबंध पैशाचा आहे. वाघ सांभाळण्याची किंमत त्या गावांनी द्यायची, आणि वाघ दाखवून आलेला पैसा मोठ्या रिसॉर्टांच्या गल्ल्यात जायचा, हा कुठला न्याय? आपण पोहण्याच्या तलावाचं रिसॉर्ट घ्यायचं की गावातल्या घरी उतरायचं, हे आपल्या हातात आहे. मोहर्ली चंद्रपूरहून जेमतेम तीसेक किलोमीटर. तिथे आणि इतर गेटांजवळच्या गावांत घरगुती राहण्याची सोय मिळते. आधी फोन करून खोली, मोरी, जेवण विचारून घ्या. जेवण चुलीवरचं, झणझणीत असतं, तिखट कमी खाणाऱ्यांनी तसं आधीच सांगावं. कोअरचं बुकिंग मिळालं नाही म्हणून बेत रद्द करू नका, आगरझरी, देवाडा, जुनोना या बफरच्या गेटांनी जा. वाघाला कोअर-बफरची रेष माहीत नसते. ताडोब्यात आता महिला गाईडही आहेत, आणि गावातल्या मुलींना जिप्सी चालवायचं प्रशिक्षणही दिलं गेलं आहे. गाईड पाळीने मिळतो, त्यामुळे अमकीच हवी असा हट्ट चालत नाही, पण महिला गाईड आली तर “हिला काय माहीत असणार” असा चेहरा करू नका. आम्हाला जी मिळाली ती पाऊलखुणेवरून नर की मादी ते सांगत होती, आणि तिची आई त्याच जंगलात मोहफुलं वेचायला जाते. बक्षीस द्यायचं तर वाघ दिसण्यावर देऊ नका. सफारी नीट झाली, गाडी सावकाश चालवली, माहिती दिली, यावर द्या. वाघ दिसला नाही त्या दिवशी तर आवर्जून द्या.

आमच्या भिशीने यंदा जानेवारीपासून दरमहा वेगळे पैसे बाजूला टाकायला घेतले आहेत. नोव्हेंबरात नागझिऱ्याला जायचं आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ मंडळाच्या कपाटात आहे, ते पाळीपाळीने वाचणं चाललंय. बाराजणींत दोघी साठीच्या पुढच्या आहेत. एकीच्या मुलाने विचारलं, “आई, पुरुष माणूस कोणी नाही बरोबर?” तिने सांगितलं, “ड्रायव्हर आहे की.” तारखा मधल्या वारांच्या घेतल्या आहेत आणि उतरायच्या जागी स्वच्छतागृहाची चौकशी मी स्वतः दोनदा केली आहे.