कैलासाची घाई नको
आठवडाभराच्या रजेत कैलास-मानसरोवर उरकता येईल का, असे लोणारमध्ये कुणी विचारले तर माझे उत्तर स्पष्ट आहे: तसा हट्ट धरू नका. आपले गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 600 मीटरांवर. परिक्रमेतली डोल्मा खिंड 5,600 मीटरांहून उंच. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू इथल्याच्या जवळपास निम्मा. आधी डोके ठणकते, भूक मरते. तरीही चढत राहिले तर फुप्फुसात नाहीतर मेंदूत पाणी साचून जिवावर बेतते. 3,000 मीटरांपुढे मुक्कामाची उंची रोज 500 मीटरांहून जास्त वाढवू नये, हा डॉक्टरांचा नियम धडधाकट पोरांनाही लागू आहे (त्यांना तो पटत नाही, तरीही). 2025 मध्ये पुन्हा सुरू झालेली सरकारी यात्रा लिपुलेख किंवा नथू ला मार्गे तीन आठवडे घेते. तयारी मात्र दारातच आहे. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात दर्शन घेऊन लोणार सरोवराच्या विवरात उतरा आणि ती शंभरावर मीटरांची चढण पाठीवर पिशवी घेऊन चढा. उंचीची सवय त्याने होणार नाही, पण पाय आणि दम तयार होतील. पुरेशी रजा मिळेपर्यंत थांबा, आणि निघण्याआधी हृदय, रक्तदाब, फुप्फुसे तपासूनच घ्या.