झग्यासाठी काढलेली दांडी

सायकलीने पाश्चात्त्य स्त्री मुक्त केली, असे सरसकट म्हटले जाते. हे विधान थोडे तपासून घ्यावयास हवे. १८८५ साली कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली आणि काही वर्षांतच स्त्रियांसाठी वेगळी सायकल निघाली. तिची वरची आडवी दांडी काढून टाकलेली होती. कारण पायघोळ झगा. दांडी गेली की सांगाडा कमकुवत होतो, म्हणून नळ्या भक्कम घ्याव्या लागल्या. झगा अडकू नये म्हणून साखळीवर पेटी आणि मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी आली. हे जादा वजन ओढायचे कोणी? अर्थात तिनेच! रूढीचे ओझे तराजूत तोलता यावे, असे हे दुर्मिळ उदाहरण आहे.

आणि ज्यांनी झगाच टाकला त्यांचे काय झाले? १८९३ मध्ये सोळा वर्षांची टेसी रेनॉल्ड्स पुरुषी सायकलवरून ब्रायटनहून लंडनला जाऊन परतली. ओरड झाली ती तिच्या विजारीबद्दल. १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन यांना तशाच पोशाखापायी सरे परगण्यातील एका हॉटेलने कॉफीच्या दालनात बसू दिले नाही. सायकलस्वारांच्या संघटनेने खटला भरला. १८९९ साली निकाल हॉटेलच्या बाजूने लागला. या तर उमरावाच्या पत्नी! गिरणीतील मजूर स्त्रीला त्या काळी नवी सायकल घेणेच आवाक्याबाहेरचे होते. तिच्या झग्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचणार कसा?