प्रश्नावली घेऊन आलेला विद्यार्थी

‘नीट’चा निकाल लागला, की रक्तदाब तपासून घ्यायला आलेले आजी-आजोबा जाता जाता एक प्रश्न हमखास विचारतात : “डॉक्टर, आमच्या नातीला जीवशास्त्राची एवढी आवड, पण गुण कमी पडले. आता तिचे पुढे काय?” जीवशास्त्राची आवड म्हणजे डॉक्टर होणे, आणि तो दरवाजा बंद झाला तर सारे संपले, असे गृहीतच धरलेले असते. मग एक वर्ष, दोन वर्षे पुन्हा परीक्षा. क्वचित खासगी महाविद्यालयासाठी आजोबांच्या मुदत ठेवी मोडण्यापर्यंत वेळ येते. म्हणून आज औषधांविषयी न लिहिता, औषधे ज्या संशोधनातून जन्माला येतात त्याचे शिक्षण कुठे व कसे मिळते, याविषयी लिहितो आहे. तुमच्या नातवंडांचा त्याच्याशी संबंध आहेच. रुग्ण म्हणून तुमचाही आहे.

डॉ. कमल रणदिवे यांचे नाव वाचकांपैकी काहींना आठवत असेल. १९१७ साली पुण्यात त्यांचा जन्म झाला. मुलीने वैद्यकशास्त्र शिकावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंनी मात्र जीवशास्त्राची वाट धरली. मुंबईत डॉ. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली, त्यानंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे, तंत्र शिकून त्या मायदेशी परतल्या आणि मुंबईत कर्करोग संशोधनाचा पाया भक्कम केला. रुग्णाला त्यांनी कधी औषध लिहून दिले नाही, तरी वैद्यकशास्त्राला त्यांचे देणे मोठे आहे. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आज ही वाट शाळेतच सुरू होऊ शकते. आपल्याकडची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते. तिच्यात लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेनंतर कृतिसंशोधनाचा प्रकल्प असतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा. (तो आई-वडिलांनी करून द्यायचा नसतो, हे सांगावे लागते.) समजा, नातवाने आजोबांचा रक्तदाब तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहिला, तर एकाच माणसाचे आकडे रोज किती बदलतात हे त्याला कळेल. एका मोजणीवरून निष्कर्ष काढू नये, हा धडा पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतो. अकरावी-बारावीत जीवशास्त्राचे ऑलिंपियाड असते. त्यात निवडलेल्या मुलांचे शिबिर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात भरते.

बारावीनंतरच्या दोन ठिकाणांची माहिती घरात असायलाच हवी. पुण्यातील ‘आयसर’ ही केंद्र सरकारची संस्था २००६ साली सुरू झाली. मुंबईत कलिना येथे मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचे संयुक्त केंद्र आहे. दोन्हीकडे पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे, दोन्हींच्या प्रवेशपरीक्षा ‘नीट’हून वेगळ्या आहेत, आणि त्यांचे अर्ज बारावीच्या वर्षातच भरावे लागतात. ‘नीट’चा निकाल पाहून मग चौकशी करणाऱ्यांची त्या वर्षाची संधी हुकते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करणाऱ्यांनीही निराश होऊ नये. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. नामांकित शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करता येते. महाविद्यालयातील शिक्षकांनाही तीत अर्ज करता येतो; पण विद्यार्थ्यांना ती सुचवणारे शिक्षक थोडे. पुढे एम.एस्सी. करून राष्ट्रीय पात्रता परीक्षेत संशोधनवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज लागतात. या काळात “अजून शिकतेच आहेस?” हा प्रश्न घरातून, बहुधा आपल्याच पिढीकडून येतो. तो जरा आवरावा, एवढी विनंती.

एक सावधगिरी. संशोधन प्रशिक्षणाच्या नावाखाली भरमसाट शुल्क घेऊन प्रमाणपत्र देणारे वर्ग आता गावोगाव निघाले आहेत. चांगल्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला कधी विद्यावेतन मिळते, कधी मिळत नाही. परंतु कोणी हजारो रुपये मागू लागले आणि मार्गदर्शक कोण, प्रयोगशाळा कोठे, याचे उत्तर देईना, तर तेथे पाय ठेवू नये.

आता जी मुले डॉक्टर होतात त्यांच्याविषयी, आणि येथे तुमचा थेट संबंध येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधन योजना राबवते. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही ती खुली आहे. विद्यार्थ्याने स्वतः विषय निवडायचा, आपल्याच महाविद्यालयातील प्राध्यापक मार्गदर्शक घ्यायचा, प्रस्ताव मंजूर झाला की दोन महिने काम करायचे आणि अहवाल लिहायचा. अहवाल मान्य झाला तरच विद्यावेतन व प्रमाणपत्र मिळते. मी शिकत होतो तेव्हाही ही योजना होती, पण आमच्या वर्गात तिचे नाव फारसे कोणी घेत नसे. सारे लक्ष पदव्युत्तर प्रवेशाकडे. आता परिस्थिती बरी आहे. जे रोज समोर दिसते त्याविषयी ‘असे का?’ विचारण्याची सवय डॉक्टरला विद्यार्थिदशेतच लागली पाहिजे. जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जाणारा रक्तगट १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला, तो न जुळणाऱ्या रक्ताकडे दुर्लक्ष न केल्यामुळेच. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ वाटते, पण अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त दिले तर जिवावर बेतू शकते.

अशा योजनेतला विद्यार्थी एखाद्या दिवशी रुग्णालयात तुमच्या खाटेजवळ प्रश्नावली घेऊन येईल : पडण्याची भीती वाटते का, गोळ्या घ्यायला विसरता का, रात्री किती वेळा उठावे लागते? पुष्कळ ज्येष्ठ त्याला हाकलतात. काही जण ‘डॉक्टरसाहेबांनी पाठवलंय’ म्हणून न वाचता सही करतात. दोन्ही टाळावे. भारतातील वृद्धांच्या आजारांची माहिती भारतातील वृद्धांनीच दिली पाहिजे. मात्र आधी विचारावे, की नैतिकता समितीची परवानगी आहे का. माहितीपत्रक मराठीत मागावे. नीट दिसत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे. संशोधनासाठी जादा तपासणी होणार असेल, तर तिचा खर्च तुमच्याकडून घेता येत नाही. नकार देण्याचा, किंवा होकार देऊन मधेच माघार घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्यामुळे तुमच्या उपचारांत काडीचाही फरक पडता कामा नये.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणखी थोडे. रुग्णाला स्मृतिभ्रंश असेल आणि काय विचारले जात आहे हे त्याला समजत नसेल, तर संमती कायद्याने मान्य अशा प्रतिनिधीकडून घ्यावी लागते. मात्र रुग्ण चिडत किंवा घाबरत असेल, तर त्याचा नकार मानावा. रुग्ण पूर्ण जाणता असेल, तर त्याच्या वतीने आपण उत्तरे देऊ नयेत. मुले घाईने तेच करतात, आणि नोंद चुकीची होते. संमतिपत्राची एक प्रत मागून घ्या. त्यावर संशोधकाचा व समितीचा दूरध्वनी क्रमांक आहे ना, हे पाहा आणि ती घरच्या फायलीत, डिस्चार्ज कार्डाच्या मागे लावून ठेवा.